सोनलची साक्ष

"हॅलो? …हॅलो, कोण? …अगं मोठ्यानं बोल, मशीन चालू हाय माझी."

एस्तेरबाईंनी पायडलवरून पाय काढला आणि ओठांत धरलेल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. मंचरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. गल्लीच्या तोंडाशी कांद्याच्या गाड्यांचा खोळंबा झाला होता आणि सगळे ड्रायव्हर एकदम हॉर्न वाजवत होते.

"सोने? …तुटतंय गं. …तुमच्या खोडदच्या शिवारात दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या, आभाळाच्या पल्याडचं ऐकू येतं म्हनं त्यांना, आन तुझा आवाज मंचरला येईना! …हां, आता बोल."

सोनल ही त्यांच्या भावाची मुलगी. खोडदच्या गोकुळशी तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. तो हिंदू, ही ख्रिस्ती. तेव्हा दोन्हीकडची माणसं थोडी फुरंगटली आणि मग जेवायला बसली. आता तिचे दिवस भरले होते. पहिलंच बाळंतपण.

"काय? …पाणी गेलं? …कवा? …सकाळी? …चहाच्या आधी? आन आता जेवायची वेळ झाली की! …मग नारायणगावला पोचलात न्हवं? …घरी? घरी काय करतीस?"

पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकून एस्तेरबाईंनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

"प्रार्थना. …बरं. …न्हाई न्हाई, चांगलंच हाय की. पर प्रार्थना गाडीत बसून बी होती, सोने. …बाळ फिरतंय का? …मघाशी फिरलं? आन आता? …'बहुतेक' म्हंजे काय गं?"

"मी? …मी कुणाला सांगू? …विहीणबाईंना? …'आमच्या धर्मातलं तुमाला कळत न्हाई, दवाखान्याचा हट्ट सोडा', असं मी सांगू? …अगं, तू फोन यासाठी लावलास व्हय?"

त्यासाठीच लावला होता. सोनलची सासू कोंडाबाई सकाळपासून दवाखान्यात न्यायची पिशवी भरून उंबऱ्यात बसली होती आणि सून काही उठत नव्हती. गोकुळ पिकअपमध्ये कांदा घालून मंचरलाच आलेला. त्या हॉर्नांच्या गलक्यात त्याला फोन ऐकू जात नव्हता. आपल्या बाजूनं बोलायला आपल्या धर्माचं कुणी तरी हवं, म्हणून सोनलला आत्या आठवली. आत्या दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसायची आणि सगळ्यांत मोठ्यानं, सगळ्यांत बेसूर गायची. तिच्याहून पक्की ख्रिस्ती कुठून आणायची?

"विश्वासानं बाळंत व्हायचं. …हां. …हे कुणी सांगितलं? …ती पुण्याची? 'निर्भय माता' गटवाली मोहिनीताई? …आलं ध्यानात. रोज सकाळी त्या बाईचा आवाज येतो न्हवं फोनवर? माझ्या बी फोनमधी कुणी तरी घुसवलाय तो गट. काय तो आवाज! बासुंदीत जिलबी बुडवून वर साखर पेरल्यागत. 'प्रिय भगिनींनो, भय हा अविश्वास आहे.' मी तर ऐकता ऐकता साखरेची गोळी घेती."

"काय म्हनली ती? …बायबलातल्या इब्री बायका सुईण यायच्या आधीच बाळंत व्हायच्या. …व्हय, लिवलंय तसं. पर मोहिनीबाईंनी फुडचं पान उलटलं न्हाई वाटतं. त्या सुईणींचं देवानं कल्याण केलं, हे बी लिवलंय. 'पोरं मारा' म्हननाऱ्या त्या राजाचं नाव न्हाई शास्त्रात, त्याचं न ऐकणाऱ्या सुईणींची हायेत. आता सांग, देवाला दवाखान्याचं वावडं हाय का?"

"…आन मरियेनं? …अगं, मरिया गोठ्यात बाळंत झाली ती काय हौसेनं? उतारशाळेत जागा न्हवती म्हणून! तिला कुणी पलंग दिला असता, वर पंखा लावला असता, तर ती काय म्हनली असती, 'नको, मला आपलं गव्हाणीपाशीच बरं वाटतं'? …हसू नको. …हसतीस तर हस बाई, हसणं चांगलंच."

पण हसत कुणी तरी दुसरंच होतं. जाड, खोकल्याचं हसू. ते कोंडाबाईंचं आहे हे एस्तेरबाईंनी ओळखलं आणि त्या सावध झाल्या.

"सोने, फोन स्पीकरवर हाय का? …विहीणबाई ऐकताहेत? ऐकू दे, त्यांचं मी काय वाईट बोलले! …आणखी कोण हाय? …कोण? …तिथं? घरात?"

मोहिनीताई घरातच होत्या. जुन्नरला भगिनींची सभा होती, तिथं जाता जाता 'आपल्या प्रिय सोनलसाठी' त्या वाट वाकडी करून खोडदला आल्या होत्या आणि गेला तासभर डोळे मिटून बसल्या होत्या. बासुंदी, जिलबी, साखरेची गोळी, सगळं त्यांनी ऐकलं होतं.

दुसरी कुणी असती तर फोन ठेवून देवळातल्या बाकाखाली लपली असती. एस्तेरबाईंनी नुसता पदर सारखा केला.

"जय ख्रिस्त, ताई. …हो, मीच ती आत्या. …न्हाई, राग कसला? आवाजाचं म्हनले मी, तुमाला न्हाई. …ताई, एक विचारू? पुण्याहून तुमी कशा आलात? एस्टीनं? …तुमच्या गाडीनं, सोताच चालवत. …गाडी कुठं हाय आता? …दारात?"

गल्लीतले हॉर्न तेवढ्यात जरा थांबले. त्यामुळे पुढचं वाक्य शेजारच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं.

"गाडी दारात उभी करून तुमी देवाकडं वाट मागताय व्हय! …अहो, त्यानं वाट बी दिली, चार चाकं बी दिली, वर चालवणारी बाई बी धाडली! आता काय त्यानं खाली येऊन किल्ली फिरवायची? …विश्वास हाय ना? मग गाडी काढा. …सभेला उशीर? …काय म्हनलात? …सीटा?"

"…नवीन कव्हरं हायेत. …भिजतील. …हां."

एस्तेरबाईंनी डोळे मिटले. बहुधा त्यांनीही मनातल्या मनात छोटीशी प्रार्थना केली, जिभेला लगाम मिळावा म्हणून. ती ऐकली गेली नाही.

"मी शिंपीण हाय, ताई. कव्हरं मी शिवून देती. चारी सीटांची, झालर लावून, तुमच्या साडीला मॅचिंग! पर माझी भाची मला कुठं शिवून मिळायची न्हाई. उठा!"

पलीकडं काही तरी सरकल्याचा आवाज झाला, कोंडाबाईंचं "चला, चला" ऐकू आलं, चपला वाजल्या. फोनचा स्पीकर कुणी तरी बंद केला. मग सोनलचा आवाज आला, एकटीचा, अगदी बारीक.

"काय? …परत बोल. …पिशवी? …कुणाची पिशवी गं?"

"…हां. …निळी व्हती. …व्हय, 'पिशवी तेवढी घरी आली.' …व्हय, सोने. आठवतंय मला."

सोनल सहा वर्षांची होती तेव्हा तिची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी पिशवी घेऊन दवाखान्यात गेली ती परत आली नाही. बाळही नाही. पिशवी तेवढी आली. एवढे महिने पोर विश्वास विश्वास करत होती, तिच्या पोटात हे होतं. पुण्याच्या बाईनं भीतीला नुसतं झकास नाव दिलं होतं. एस्तेरबाईंना आता त्या बाईचीही थट्टा सुचेना.

"ऐक. …ऐक ना माझं. तुझी आई दवाखान्यात गेली म्हणून गेली न्हाई. लई उशिरा गेली म्हणून गेली. दोन दिवस घरात कळा दिल्या तिनं. आज हुईल, उद्या हुईल म्हनत बसले सगळे. हे तुला कुणी सांगितलं न्हाई, कारण पोरीला काय सांगायचं… तू आता पोर न्हाईस."

"…भ्या वाटतं? मग वाटू दे की. भिऊ नये असं कोण म्हनलं? …तो गट गेला चुलीत! अगं, क्रुसावर जायच्या आदल्या राती प्रभू सुदिक घाबरला व्हता बागेत. घाम गाळला, 'हे टळलं तर बघ' म्हणून बापाला विनवलं. आन तू कोण मोठी लागून गेलीस त्याच्याहून धीराची! भीत भीत गाडीत बस. रडत बस. कशी बी बस, पर बस."

सोनलच्या चपला अंगणात फरफटल्या. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज.

"बसलीस? …विहीणबाई कुठं हायेत? …तुझ्या शेजारी. हात धरलाय? …दुखेस्तोवर धरलाय? धरू दे. …फोन ठिवू नको, मी हाय. …कळ आली? …ओरड. देवाशी गोडगोड बोलायचा टाइम न्हाई हा. त्याला ओरडलेलं बी कळतं."

"…आन मोहिनीताई? …त्या बी ओरडतात? काय म्हणून? …ट्रॅक्टरवाला वाट देईना? …ओरडू दे. आज पहिल्यांदा खऱ्या आवाजात बोलल्या बघ."

नारायणगाव येईपर्यंत एस्तेरबाई बोलत राहिल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली आणि तशीच ऐकत उभी राहिली. त्यातल्या एकीनं, मोठं कुंकू लावलेल्या बाईनं, कुणी न सांगता हात जोडले.

"आलं का गेट? …खुर्ची आणली? …कोण बोलतंय? …सिस्टर, मी तिची आत्या. सकाळी पाणी गेलंय तिचं. …हो, हो… फोन बाहेर ठिवायचा म्हनताय? एक मिनिट तिला… सोने! सोने, मी येती गं… हॅलो? …हॅलो?"

फोन बंद झाला होता. एस्तेरबाईंनी शटर ओढलं, कात्री चुकून हातातच घेऊन स्टँडकडे पळाल्या आणि मिळेल त्या गाडीत चढल्या.

त्या पोचल्या तेव्हा सोनलला आत नेलं होतं. बाळाचे ठोके उतरत होते; डॉक्टरीणबाईंनी वेळ न घालवता सिझर केलं. मुलगी झाली. पहिल्यांदा रडली नाही, मग रडली ती थांबेना. डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. कोंडाबाईंनी हे ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. निरोप पोचल्यावर गोकुळ आला, शर्टावर कांद्याची टरफलं तशीच, आणि बायकोच्या पायाशी उभा राहून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मोहिनीताई तेवढ्यात कधी निघून गेल्या ते कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी वॉर्डाच्या व्हरांड्यात फोन वाजला.

"हॅलो? …कोण? मोहिनीताई? …हो, दोघी सुखरूप हायेत. …झोपलीय ती. …ताई, गाडी चालवलीत, लई उपकार झाले. थट्टेनं न्हाई म्हनत मी. …सीटा वाळल्या का?"

"…साक्ष? …देवानं सोनलसाठी काय केलं ते गटावर टाकायचं? टाका की. …फोटो बी देती. …काय लिवलंय? वाचून दाखवा. …हं. …'विश्वासाच्या बळावर'… हं. …'प्रभूनं सुखरूप मोकळी केली'… बरोबर. …आन सिझर झालं ते? …'त्याची गरज न्हाई'? …टाके लिवायचे न्हाईत? का बरं?"

"…'भगिनींचा विश्वास डळमळंल.' …अस्सं."

एस्तेरबाई उठून व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. आवाज मात्र त्यांनी कमी केला नाही.

"ताई, आपला प्रभू कबरेतून उठला, तवा त्यानं हातावरच्या जखमा झाकल्या का? न्हाई ना? दाखवल्या. 'बोट घालून बघ' म्हनला. त्याच्या जखमांनी कुणाचा विश्वास डळमळला न्हाई, आन माझ्या सोनलच्या टाक्यांनी डळमळनार? …टाके लिवा. डॉक्टरीणबाई लिवा. सिस्टर लिवा. आन कोंडाबाई हरिभाऊ, राहणार खोडद, इटोबाची माळ गळ्यात असलेली बाई सकाळपासून पिशवी घेऊन उंबऱ्यात बसली व्हती, तिला बी देवानंच बसवली व्हती, हे बी लिवा."

 पलीकडून जे आलं ते ऐकून एस्तेरबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय? …कुणाचं? …तुमचं? …दोन्ही पोरं? दोन्ही सिझरनं? …आन गटात कुणाला म्हाईत न्हाई? …एवढी वर्षं?"

चांगलं झणझणीत काही तरी त्यांच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. तो आवाज आता गोड नव्हता. सर्दी झाल्यासारखा, साध्या बाईचा होता. एस्तेरबाईंनी आलेलं गिळलं.

"रडू नका, ताई. …न्हाई, मी कुणाला सांगनार न्हाई. तुमीच सांगा. सोनलच्या खाली तुमचं बी लिवा, म्हंजे ज्या शंभर बायका घरात डोळे मिटून बसल्या असतील, त्या उठतील तरी. …नीट लिवता येईना? येईल तसं लिवा. चुका झाल्या तरी चालतंय, कुणी मार्क देत न्हाई. …हां, लिवा. मी ठिवती."