तेबोहोची आई

— काठीचाच आवाज तो, मामा, दुसरा कसला नाही. पाठीवर घोंगडी असते ना, म्हणून काठी कडाडत नाही, धप्प करते. मी दाराशी खोगिराचा पट्टा शिवत बसलो होतो, मागून कुणीतरी न बोलता आलं, आणि धप्प. मी ओरडलोसुद्धा नाही. कळलंच मला. मुलगी असती तर डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं असतं — काठी म्हणजे मुलगा. पोर झालं की बापाला असंच कळवायचे. माझा लेफा झाला तेव्हाची गोष्ट ही. आता कोण मारतं? आता फोन वाजतो. तुम्ही मघाशी दारात घोंगडी झटकलीत, तसाच आवाज आला, म्हणून आठवलं. बाकी काही नाही.

बसा ना. असं उभ्याउभ्या नका पाहू. बिअर घ्या, ज्वारी चांगली आंबली आहे, माझ्या सुनेनं, तुमच्या भाचीनंच गाळली आहे — नको? बरं, ठेवतो इथं, मन झालं तर घ्या. ती खाली वाफ्यात आहे, भाजी खुडतेय. येईल. तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. माझ्या थोरल्या बहिणीनं, मा-फोलोनं, तुम्हाला निरोप धाडला — भाचीला घेऊन जा म्हणून, या घरात तिची कूस काही उजवत नाही म्हणून. धाडला ना? मला विचारलं नाही तिनं. मला कुणी विचारत नाही, मामा, मी सावकाश बोलतो, माझं वाक्य पुरं होईतो लोक उठून जातात. तुम्ही बसलात हे चांगलं केलंत.

तर नाव. नाव आमच्याच घरानं दिलं, हे मी नाकारत नाही. लग्नाच्या दिवशी सुनेला नवं नाव द्यायचंच असतं, आणि पहिला नातू आजोबाचं नाव घेणार हेही ठरलेलंच असतं — मग माझं नाव तेबोहो, तर ती झाली मा-तेबोहो. तेबोहोची आई. त्या दिवशी बायकांनी जिभा हलवून असा काही गलका केला की कोंबड्या छपरावर चढल्या. पोर अजून कुठंच नव्हतं आणि त्याची आई अंगणात उभी होती, नव्या घोंगडीत, घामाघूम. सगळ्यांच्याच सुनांचं असं होतं. कुणी हसत नाही, कारण वर्षभरात पोर येतं आणि नावात शिरतं. आमचं आलं नाही. नाव मात्र आलं होतं. आणि मामा, तुम्हीच — तुम्हीच त्या दिवशी उठून म्हणालात, माझ्या भाचीच्या तेबोहोला माझ्याकडून एक कालवड. आठवतं? तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका.

त्या कालवडीनं सगळा घोळ केला. व्याली ती. मग तिची कालवड व्याली. तेबोहोचा गोठा भरत चालला, तेबोहोचाच पत्ता नाही. आणि एक दिवस तीच तुमची तपकिरी गाय शेजारच्या न्ताते सेखोबेच्या मक्यात शिरली आणि अर्धं शेत चरून, तिथंच रवंथ करत बसली. सेखोबे गेला मुखियाबाईंच्या अंगणात. मुखियाबाई म्हणाल्या, गाय कुणाची? मी म्हटलं, तेबोहोची. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमची. मी म्हटलं, माझी नाही, धाकट्या तेबोहोची, सगळ्या गावासमोर दिलेली आहे. साक्षीला गाव होतंच. मग त्यांनी बराच वेळ विचार केला. आणि म्हणाल्या — मालकाला ऐकून घेतल्याशिवाय मी निवाडा करणार नाही, मालक जन्मला आणि बोलायला लागला की त्याला घेऊन या. उठले सगळे. बरोबरच होतं म्हणा ते. दुसरं काय म्हणणार त्या?

पण सेखोबेचं काय झालं, माहीत आहे? या गावात आता तुमच्या भाचीच्या पोराची वाट त्याच्याइतकी कुणी पाहत नाही. चर्चमध्ये उभा राहून तो सगळ्यांना प्रार्थना करायला लावतो. अंडी आणून देतो. डोंगरावरून कसली मुळी उपटून आणली, ती उकळून प्यायला लावली — तिला नाही, मला. म्हणाला, नाव तुमचं आहे, तुमच्यापासून सुरुवात करू. रस्त्यात भेटला की तो टोपी काढतो आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता पोटाकडे बघतो. मी त्याला म्हटलं, अरे, लाज बाळग. तर म्हणाला, न्ताते, अहो बाबा, माझा मका अडकलाय त्यात.

मग दवाखाना. तिचा नवरा, आमचा लेफा, तिकडे सरहद्दीपलीकडे खाणीत, मग बरोबर कोण जाणार? बहीण म्हणाली, मी नाही येत, असल्या गोष्टी मशीनला दाखवत नाहीत. मग मी गेलो. सासऱ्यानं सुनेबरोबर असल्या जागी जायचं नसतं, मला कळतं, मी अख्ख्या वाटेत गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला बसलो आणि ती सर्वांत मागं. तिथं डॉक्टरबाई तरुण, घाईत. त्यांनी मला आत ओढलं आणि विचारलं, तुम्ही दोघं नियमित एकत्र राहता ना? मी म्हटलं, हो, एकाच अंगणात. तुमची भाची छताकडे बघायला लागली. मग त्यांनी माझ्या हातात एक बाटली दिली आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत जा म्हणाल्या. मला साखर आहे, मला अशा बाटल्या नेहमी देतात. मी भरून आणली. काठोकाठ. डॉक्टरबाईंनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं — मग तुमच्या भाचीनं सांगितलं, हे सासरे आहेत. इतकं हसली हो ती. लग्नानंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरबाईही हसल्या. मी नाही हसलो, मी बाटली धरून उभा होतो.

दोष काय म्हणाल, तर दोष असा नाहीच. त्या मशीनवर मला दाखवलं त्यांनी. काळं-पांढरं, आणि कडेनं मणी लावल्यासारखे. मी म्हटलं, हे काय, गाठी? त्या म्हणाल्या, बीजं आहेत, अंडी म्हणा. मी म्हटलं, मग इतकी आहेत की, कमी कुठं आहेत? त्या म्हणाल्या, तेच तर. सगळी थोडी थोडी वाढतात आणि थांबतात, पुरी होऊन एकही बाहेर पडत नाही. मला कळलं ते. आपल्या गाडीतळावर नाही का, रांगेनं गाड्या उभ्या, प्रत्येक जण म्हणतो भरली की निघतो, प्रत्येकीत दोन-दोन माणसं बसलेली, आणि दुपारपर्यंत एकही हलत नाही. याला वांझ म्हणतात का, मामा? गाड्या आहेत. रस्ता आहे. मा-फोलोला मी हे सांगायला गेलो, पण माझं बोलणं गाडीतळापाशी पोचेपर्यंत ती उठून गेली.

आणि गोळी कुठली दिली असेल? माझीच. साखरेची. तीच पांढरी, लांबट, घशात अडकणारी, जी मी कैक वर्षं खातोय. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, बाई, काहीतरी चुकतंय, ही म्हाताऱ्यांची गोळी. त्या म्हणाल्या, शरीरातली साखर ताळ्यावर आली तर बीजही ताळ्यावर येतं. मग काय, आम्ही दोघं जेवायला बसलो की तीच एक गोळी घ्यायला लागलो, मी माझ्या घरात आणि ती तिच्या घरात. गावाला कळायला वेळ लागतो का? बिअरच्या घरी मला विचारायला लागले, न्ताते, तुम्हाला मळमळतं का? सेखोबे म्हणाला, तुम्हाला आधी दिवस गेले तर खटला तुमच्यावर चालेल. मळमळतं हे खरं. पोटही बिघडतं. आणि संडास एक आहे अंगणात. सून आतून येतेय आणि सासरा आत चाललाय, हे बरं दिसत नाही, म्हणून मी डोंगरामागं जातो. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पापा कमी करा म्हणाल्या, तर तिचा कमी झाला म्हणून मीही कमी केला. एकट्यानं कमी खाणं फार वाईट.

आणखी एक — हे मी बोलू नये. तिच्या हनुवटीवर केस येतात. त्या दुखण्यात येतात म्हणे. बायका बोलतात, पुरुष होत चाललीय म्हणून, तुमच्या कानावर आलं असेलच. माझा वस्तरा लवकर बोथट व्हायला लागला.  दुकानातून एक नवा आणला आणि जुन्याशेजारी ठेवून दिला. तो तिनं उचलला. तिसऱ्या कुणाला माहीत नाही हे. आता तुम्हाला झालं.

तुम्ही बिअर घेत नाही. बरं.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारा उगाच लांबण लावतोय. पण पोरीनं काय सोसलंय ते तुम्हाला कळायला हवं, नेण्याआधी. ती स्वतः तिकडे गेली होती, खाणीच्या गावाला. डॉक्टरबाईंनी दुसरी गोळी दिली — बीज पुरं वाढवणारी — आणि म्हणाल्या, अमुक दिवसांत नवरा जवळ हवा, नुसती गोळी काय करणार? आता बघा, सगळं गाव मुळ्या उकळतंय, प्रार्थना करतंय, आणि नवरा येतो नाताळला. हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. लेफाला फोन केला, तर सुट्टी नाही म्हणाला. मग तीच निघाली. कोंबडी कापली, शिजवली, फडक्यात बांधली, सरहद्द ओलांडून गेली. चांगली आठवडाभर राहणार होती. तिसऱ्या दिवशी परत. मी इथंच बसलो होतो. मी म्हटलं, इतक्यात? तर इथं, तुम्ही बसलात तिथं बसली आणि म्हणाली, “न्ताते, तिथं एक तेबोहो आहे. अंगणात पळत होता. नाक तुमचं आहे.”

— नाही म्हणजे —

तुम्हाला हे माहीत नव्हतं. मा-फोलोनं सांगितलं नाही तुम्हाला? तिला माहीत आहे, मामा. तिला आधीपासून माहीत होतं. मला वाटलं, निरोपात — थांबा. बसा. पुरं करू द्या, मी सावकाश बोलतो.

हो. लेफाचं पोर. तिकडच्या बाईपासून. आणि नाव तेच ठेवलंय. इथं गुरं आहेत आणि पोर नाही, तिथं पोर आहे आणि कोंबडीचं पिल्लूसुद्धा नाही. मा-फोलो म्हणते, सरळ आहे — हिला माहेरी पाठवा, त्या बाईला आणा, पोर आपल्या गुरांत येईल, मुखियाबाईंचा खटलाही सुटेल. सेखोबे तर गाडी करून आणायला निघाला होता. सगळं कसं बसतं की नाही? एका बाईला उचलून बाजूला ठेवलं की सगळं बसतं.

मी तिला विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, कोंबडीची तंगडी दिली त्याला. भूक लागली होती त्याला. लेफा दाराआड उभा होता म्हणे, बाहेर आलाच नाही. फडकं तिथंच राहिलं. रडली नाही इथं. मी म्हटलं, जायचंय का तुला आईकडे? मी घोडा काढतो. तर म्हणाली, गुरुवारी दवाखाना आहे. एवढंच. तिला अजून पोर हवंय, मामा. तिचं. मुखियाबाईंसाठी नाही, सेखोबेच्या मक्यासाठी नाही, मा-फोलोसाठी तर नाहीच. आणि मला तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण बिअर गाळताना ती गुणगुणते, ते मला ऐकू येतं, आणि ते बिअरचं गाणं नाही.

मी बहिणीला सांगितलंय. त्या पोराचा दोष नाही. ते आलं तर जेवेल, घोंगडी मिळेल, मी त्याला घोड्यावर बसायला शिकवीन. पण नाव नाही मिळणार. या अंगणात मा-तेबोहो एकच. आणि पोर झालं नाही तर? नाहीच झालं समजा, गोळ्या खाऊन खाऊन आम्ही दोघं म्हातारे झालो समजा — तरी तेबोहो आहे की. मी आहे. मला सकाळी गोळी कोण देतं? पापा जास्त घेतला तर हातातून चमचा कोण काढून घेतं? मागल्या थंडीत मी तापानं पडलो, तेव्हा माझ्या उशाशी कोण बसलं होतं? बहीण नव्हती. मी तेबोहो आहे, मामा, आणि ती तेबोहोची आई आहे, आणि तिला पोर नाही असं कुणी म्हटलं तर मी मुखियाबाईंच्या अंगणात जाऊन उभा राहीन. बोलायलाही लागलोय मी. सावकाश, पण बोलतो. घ्या म्हणावं माझी साक्ष, चालवा म्हणावं खटला.

तुम्ही उठलात.

मी रागावून नाही बोललो. हे बघा, न्यायचंच असेल तर तिला विचारून न्या, एवढंच माझं — ती वाफ्यात आहे. खाली. अहो, खाली म्हटलं मी, या बाजूला. तुमच्या गावाची वाटही याच बाजूला आहे. ती वरची वाट चढू नका, तिकडे कुणी राहत नाही, तिकडे नुसती लेफाच्या खाणीला जाणारी गाडी थांबते, सरहद्दीपलीकडे जाणारी —

मामा?