सायकलच्या तारेची पिन

मी रशीद मिस्त्री, यवतमाळचाच. आमचे अब्बा बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धाव चढवत, त्याईचे अब्बा बी तेच करत. मी तिसरीतून शाळा सोडली, भाता ओढला, मंग नागपुरात मोटारीचं काम शिकलो, आन छप्पन साली, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली, बाजारामागं टिनाखाली सोताचं दुकान टाकलं.

काय सांगू तुमाले, त्या वक्ताच्या विलायती गाड्या म्हनजे! इंजनात काही लपून नाही, झाकन उघडलं का सारं समोर. बंद पडली तर तीनच गोष्टी पाहाच्या, पेट्रोल येते का, ठिनगी पडते का, हवा जाते का. चार पाने आन एक पक्कड, बस. वकीलसायबाची ऑस्टिन होती, काळी, तिची दुरुस्ती माह्याकडच राहे. उन्हाळा असो का थंडी, हँडल मारलं का दुसऱ्या फेऱ्याले चालू. अशी इमानदार गाडी मी पाह्यली नाही, आजबी सांगतो.

ती गाडी चालवे भिकू राठोड, लोहारा गावाच्या पलीकडच्या लमान तांड्यातला. त्याचे आजे-पंजे बैलावर मीठ-धान लादून मुलुखभर फिरत, आन हा तांड्यातला पहिला मोटार चालवनारा. लय सोज्वळ मानूस, बिडी नाही, दारू तं शिवतबी नव्हता. रोज सकाळी गाडी पुसे, मले उस्ताद म्हने. त्याची बायको सक्री कधी कधी लेकराईसंगं भाकर घेऊन दुकानावर ये, तवा मलेबी अर्धी दे.

मंग विलायती सामान येनं बंद झालं. मी हातानं पार्ट बनवाले लागलो, लोक वाहवा करत, रशीदचा हात म्हनजे हात म्हनत. ते माह्या डोक्यात गेलं, दुसरं काही नाही.

चतुर्थीचा दिवस होता. वकीलसायबाले कळंबच्या गनपतीले जाचं होतं. सकाळी भिकू गाडी घेऊन आला, म्हने उस्ताद, ब्रेक जरा खाली जाते. मी खाली शिरलो. त्या गाडीचे ब्रेक लोखंडी दांड्याईवर, दांडा एका खिळीत अडकवलेला, आन खिळी निसटू नये म्हनून तिच्यात एक बारीक पिन. ती पिन तुटली होती. माह्याजवळ नव्हती. मी सायकलच्या चाकाची तार कापली, वाकवली, घातली. भिकूनं पाह्यलं, म्हने उस्ताद, हे चालन का? मी म्हनलं, अरे इंग्रजाची गाडी हाय, सुतळीनं बांधली तरी चालते, जा तू, आल्यावर बदलू.

गेला तो. माह्या भरोशावर गेला.

कळंबच्या अलीकडं उतार हाय, तिथं कापसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, वर बायकापोरं बसलेली. भिकूनं पाय दाबला तं ब्रेक नाही. हातब्रेक ओढला, तोबी त्याच दांड्यावर, तोबी नाही. त्यानं गाडी रस्त्याच्या खाली घातली, लिंबाच्या झाडावर. बैलगाड्याईवरच्या एकालेबी खरोच नाही आली. वकीलसायबाचा हात मोडला. भिकू जागीच गेला.

दुपारी बैल जुपून गाडी माह्या दुकानी आनली. मी खाली शिरलो. खिळी नव्हती, तारबी नव्हती. बाकी सारं जिथल्या तिथं. मी तिथंच पडून राह्यलो, बाहेर याची हिंमत होईना.

बाहेर लोक बोलून राह्यले होते, लमान होता, पेला असन. पोलिसाच्या कागदावरबी तेच चढलं. मी वकीलसायबाकडं गेलो, सारं सांगितलं. ते म्हनले, रशीद, मेलेला परत येते का? गप राहा, तुहं दुकान काहून बुडवतं?

मी गप राह्यलो. तीन महिने. त्या तीन महिन्यांत तांड्याच्या एकाबी मानसाले कोनी गाडीवर ठेवलं नाही, दारुडे हाय म्हनत. ते माह्या कानावर आलं. मी पायी तांड्यावर गेलो. सक्री दारात धान पाखडत होती. मी सांगितलं, तो पेला नव्हता, चूक माही हाय. तिचं सूप थांबलं. रडली नाही. म्हने, तो पेत नव्हता हे मले कायले सांगतं? मले मालूम हाय. ज्याईनं लिवलं त्याईले सांग.

गेलो मी. ठान्यात सांगितलं, कोर्टात सांगितलं. मले सहा महिन्याची सजा झाली. कागदावरचं ते पेल्याचं खोडलं गेलं, मंग तांड्यातले दोघं ट्रकवर लागले. माहं दुकान मातर गेलंच. आता मी लोहाऱ्याच्या रस्त्यावर सायकली दुरुस्त करतो. मोटारीले हात लावत नाही, कोनी बोलावलं तरी.

सक्री बाजाराले याच रस्त्यानं जाते. आठ वर्सं झाले, मी सलाम करतो, ती पाहून पुढं जाते. मागच्या पोळ्याले नवलच झालं, उभी राह्यली, म्हने, मिस्त्री, तब्येत उतरली तुही. बस, एवढंच. माफ केलं का, ते मी इचारलं नाही. इचारनारबी नाही. तिचे लेकरं सुखी राहो, अल्लाजवळ तेवढंच मागतो. माह्यासाठी मागाले तोंड नाही राह्यलं.