आबांची कचरा-तपासणी

ओला-सुका कचरा वेगळा द्या म्हणून घंटागाडीवर गाणं वाजून वाजून थकलं, पण आमच्या जालन्याच्या कॉलनीला वठणीवर आणलं ते माझ्या आबांनी! श्रावणात पिंपळगाव रेणुकाईहून चार दिवस आल्ते. कचऱ्यात भाजीची सालं बघून म्हणाले, "एवढं खत फेकून राह्यले तुम्ही?" मंग काय, शेतातल्या उकिरड्यासाठी पोतं घेऊन सकाळीच गल्लीत उभे. प्रत्येकाच्या बादलीत हात घालून बघायचे. प्लास्टिक निघालं की सगळ्यांसमोर परत.

तिसऱ्या दिवशी समोरच्या देशमुख सरांच्या बादलीतून हाडं निघाली. हे सर आम्हाला रोज श्रावणाचं महत्त्व सांगणारे!

आबा म्हणाले, "सर, हाडं न्हाई चालत. उकिरड्यावर कुत्रे येतात."

"कुत्र्यानंच आणून टाकली असतील," सर म्हणाले.

"बराबर. झाकण काढलं, हाडं टाकली, आन् झाकण लावून गेलं. शहरातलं कुत्रं, शिकलेलं असणार."

सगळी गल्ली हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

तेवढ्यात पोथी ठेवून आमची बायको दारात आली आणि आबांनी आमची बादली उघडली. आत बघून मला म्हणाले, "काय रे, हे कुत्रं आपल्याकडंबी आल्तं का?"