दोन्हीकडे सारखंच

...आणि वर मलाच विचारतात, "साहेब, वायर नीट खोचलीत ना?" तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं हेच करतोय मी, आणि विचारतंय कोण, तर गोदामाचा वॉचमन! बरं, काम केवढं? ऑफिसात नेटवर्कचा एक स्विच, समोरच्या गोदामात एक स्विच, मध्ये रस्त्याखालून काचेची तार. स्विचच्या भोकात बोटभर मॉड्यूल खोचायचं, ते उजेड पाठवतं, पलीकडचं घेतं, संपलं. पण स्विच दोन कंपन्यांचे ना! आणलेलं मॉड्यूल ऑफिसातल्याला चालतं, गोदामातला म्हणतो मी ओळखतच नाही. एका कंपनीला फोन केला, "आमचं बरोबर आहे सर, त्यांना विचारा." दुसरीला केला, तेच, फक्त आवाज गोड. दोन दिवस गेले. शेवटी खरेदीच्या बाईंना तावातावानं मेल ठोकला, की दोघांना चालेल असंच मागवा, आणि हो, दोन्हीकडे सारखंच हवं! वेगळं आलं तर घेणार नाही!

आलं हो, आज दुपारी आलं. आणि आजच माझी मुलगी पहिल्या नोकरीला परगावी निघालेली, पाचची गाडी. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "शाळेतलं सगळं चुकवलंत, एवढं तरी चुकवू नका." मी म्हटलं, अगं, खोचलं की निघालोच.

खोचलं. दोन्ही स्विच म्हणतात, ओळखलं! पण जोडणी झाल्याचा दिवा? दिवा काही लागेना. मग जिना उतरा, रस्ता ओलांडा, गेटवर सही करा, गोदामातलं काढून पुसून परत खोचा, पुन्हा सही, पुन्हा जिना... चार खेपा! प्रत्येक खेपेला वॉचमन वही पुढे करतो, जसा काही मी आज पहिल्यांदाच दिसतोय. पाचव्या खेपेला ऑफिसातलं मॉड्यूलच खिशात घालून आणलं, गोदामातल्याशेजारी टेबलावर ठेवलं, तर हा वही मिटून म्हणतो, "दोन्ही निळीच का हो, साहेब?"

 अहो, आमच्या तारेत जायचा-यायचा काचेचा धागा एकच! दुसरा खोदकामात तुटला. एकाच धाग्यावर बोलायचं तर जोडी लागते, एक निळं, एक पिवळं. निळं जे बोलतं ते फक्त पिवळ्याला ऐकू येतं. दोन निळी लावली की दोघंही बोलतात, ऐकत कुणीच नाही.

तणतणत बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे माझाच मेल काढून दाखवला, खाली लाल रेघ मारलेली. "एक पिवळं आलं होतं, मी बदलून घेतलं. तुम्हीच लिहिलंत ना, दोन्हीकडे सारखंच हवं?" आता बोला! मीच लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं कंपनी सारखी, रंग नव्हे!

तेवढ्यात मुलीचा फोन. "बाबा, बसले मी, गाडी सुटली." मी म्हटलं, अगं ऐक, निळं-पिवळं झालं... ती म्हणत होती, आईचा चष्मा फुटलाय, तेवढा... मी म्हटलं, बाईंनी बदललं गं, माझी चूक अर्धीच... ती काहीतरी बोलतच होती, मीही बोलतच होतो, आणि फोन तुटला. म्हटलं ना तुम्हाला, दोन्हीकडे सारखंच.

पिवळं सोमवारी येतंय. मुलगी कधी येणार, ते विचारायचं राहिलंच.