पुस्तकात नसलेलं वाक्य

सिंगापूरला घरकामाला जाणाऱ्या बायकांची इंडोनेशियातल्या चिलाचाप गावच्या परीक्षा केंद्रात रांग लागली होती. सुमियातीच्या हातात इंग्रजीची वही होती, पण कान मागच्या दोघींकडे होते.

"ताई, कालची गोष्ट सांगताना क्रियापद बदलायचं, तेच मी विसरते. आपल्या बोलीत कुठे बदलतं?"

"घाबरू नकोस. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. म्हण, मी कप फोडला."

"आय ब्रोक द कप."

"बरोबर. आता म्हण, कृपा करून दार उघडा."

"हे पुस्तकात नाहीये, ताई."

"नाहीच. तरी म्हण."

"प्लीज ओपन द डोअर. पण दार तर मीच उघडायचं ना, पाहुणे आले की?"

"पुन्हा म्हण. मोठ्यानं. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं पाहिजे."

"तुम्ही तिकडे किती दिवस होता, ताई?"

"दोन वर्षं. दाराला बाहेरून कुलूप असायचं. तेव्हा मला हे वाक्य येत नव्हतं."

रांग पुढे सरकली. सुमियातीनं वहीचं शेवटचं पान उघडून ते वाक्य उतरवून घेतलं आणि एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, मोठ्यानं.