ढवळायचा नाही असा रांजण

नाही जी मास्तर, थे काठी खाली ठेवा — नीळ हाये, भाजी नाही — आन् हळू बोला, आत माही बायको सखू निजली हाये. तुम्हाले गुलाबचंद शेठनं धाडलं ना? नाही? मंग कालेजातला माणूस रंगाऱ्याच्या अंगणात उकिडवा काहून बसून राह्यला — ताऱ्यासाठी? मले येडं समजता काय! बरं, सांगा पुन्हा. तारा सोताभोवती फिरते. हळू फिरला तर पोटात शिजलेलं पोटातच राह्यते. जोरात फिरला का आतल्या आत घुसळते, तळचं वर येते, आन् तुम्ही काचेतून त्याचा उजेड फोडून पाह्यता — कातडीवर हे कुठून आलं? असंच ना? थे मले पटते. निळीचा गाळ बी तळाशीच बसला पायजे, रांजण जोरात ढवळला का गाळ वर आन् सूत डागी. यासाठी कालेज कायले लागते?

पण एक सांगा — इतक्या दूरचं पोट तुम्हाले उजेडावरून समजते, तर सुतावरून डब्यातलं बी समजत असन — डबा? कोणता डबा? मी कुठं डबा म्हटलं? लिहून काहून राह्यले? ताऱ्याचं लिहा, माह्या डब्याचं नाही — मिटा थे वही!

हाये डबा. जर्मनीच्या कारखान्यातल्या निळ्या भुकटीचा. झालं समाधान? शेठ असली नीळ म्हणून लुगडी इकते, त्याले समजलं तर उद्यापासून माल बंद — करू द्या, त्याले नाही भेत मी. पण हा रांजण सखूनं लावला. वासावरून सांगे, आज जमला, आज नाही. तिचे डोळे गेले, तिनं अंथरूण धरलं, आन् माह्या हातानं दोन महिन्यांत रांजण मेला, नीळ आंबायचीच थांबली. तिले वाटते अजून जिता हाये. तेवढ्यावर दोन घास खाते थे.

अरे अरे, रुमाल कायले बुडवला? द्या इकडं! खरी नीळ हिरवी निघते, हवा लागली का मंग निळी होते. हा निळाच निघाला — पाह्यलं ना तुम्ही? बोला ना, पाह्यलं ना?

चूप. जागी झाली. रोज इचारते.

— हो वं सखू! हिरवं निघालं! हिरवंगार!

जा मास्तर. मागच्या दारानं जा.