होडीवरचा मांडव

हसाल तुम्ही, पण होडीचं छत मी शिवलंय. रिटायर झाल्यावर आमच्या यांनी धरणात फिरवायला शिडाची छोटी होडी घेतली. उन्हाळ्यात तिच्यातच यांना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, सावलीत बसाल तरच होडी. "मंग विकून टाकतो," हे म्हणाले. होडीला गिऱ्हाईकही पाहिलं, पण तोंड इतकं उतरलं की मी शिलाई मशीन काढलीच.

शेजारीण म्हणे, "काकू, रोज सूर्याले अर्घ्य देता, अन् त्याच्याच आड कापड लावून राहिल्या?"

"नमस्कार त्यालेच करते. पण यांच्या डोक्यावर नाही बसवत."

छत मी पूजेच्या मांडवासारखं उंच केलं, आरतीला उभं राहता यावं असं. होडी वळली, शिडाखालचा आडवा दांडा फिरला अन् मांडव थेट पाण्यात!

"अवं, होडीत आरती कोण करते?" हे ओरडले, पण कितीतरी दिवसांनी हसत.

मग दांड्याखाली मावेल असं ठेंगणं छत शिवलं. परवा हे पार वाकून त्यात शिरले.

मी म्हटलं, "देवघरासमोर तर कधी इतके वाकले नाही!"

"तिथलं छत डोक्याले लागत नाही न. गिऱ्हाइकाले नाही म्हणून सांगतो आता. ये, बस, दोघांपुरती सावली आहे."